मदत हवी आहे : बोअरच्या पाण्यासाठी केसांची आणि अंगाची वडी कोणती निवडावी?

नमस्कार. शाम्पू आणि बॉडीवॉशच्या प्लास्टिकच्या बाटल्या घरातून हद्दपार करून त्यांच्याऐवजी घन वड्या वापरायच्या आहेत, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमच्याकडे बोअरचे जड पाणी येते. अशा पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो, आणि तोच केस वाळल्यावर कंगव्याच्या दातांत पांढरट, मेणचट थर होऊन अडकतो. शिवाय साबणाचा पीएच साधारण 9 ते 10, म्हणजे अल्कधर्मी असतो आणि त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते. त्यामुळे वेष्टनावर ‘शिकेकाई’ किंवा ‘नैसर्गिक’ असे लिहिलेले असले, तरी घटकांत सोडियम पामेट किंवा सोडियम कोकोएट (म्हणजे पाम किंवा खोबरेल तेलाचा साबणच) दिसल्यास ती वडी केसांसाठी घेणे मला पटत नाही. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट या सौम्य फेसकारी घटकापासून बनवलेल्या, साबणविरहित वड्यांना जड पाण्याचा त्रास बराच कमी होतो. मात्र खोबरेल तेलाने चंपी केल्यावर अशा वडीने केस एकाच धुण्यात स्वच्छ होतात का, आणि कुरळ्या, कोरड्या केसांना नंतर कंडिशनर लावावाच लागतो का?

अंगासाठी 76 टक्के टीएफएमचा (टीएफएम म्हणजे साबणातील एकूण स्निग्धांश), म्हणजे पहिल्या प्रतीचा साबण पुरेसा वाटतो. तरीही आईची त्वचा थंडीत फार फुटते; तिच्यासाठी ग्लिसरीनयुक्त साबण बरा की साबणविरहित वडी?

पावसाळ्यात वड्या विरघळून लगदा होऊ नये म्हणून आपण काय करता, तेही कृपया कळवावे.