मदत हवी आहे: चागास रोगातील प्रतिपिंडे आणि हृदयाची हानी

नमस्कार. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी चागास रोगावर टिपण लिहिताना एका मुद्द्यापाशी अडले आहे. हृदयरोग किंवा प्रतिकारशास्त्रातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कार्लोस चागास यांनी १९०९ साली ब्राझीलमध्ये वर्णिलेल्या या रोगात ट्रिपॅनोसोमा क्रुझी या एकपेशीय परजीवीची दीर्घकालीन लागण झालेल्यांपैकी साधारण २० ते ३० टक्के जणांचे हृदय कित्येक वर्षांनी दुबळे होते. परजीवीविरोधी प्रतिपिंडे मात्र बाकीच्यांच्या रक्तातही टिकून राहतात. म्हणजेच नेहमीची चाचणी लागण दाखवते, हानी नव्हे. त्यामुळे मला दुसरा धागा अधिक मोलाचा वाटतो: परजीवीच्या रायबोसोमल पी प्रथिनाच्या (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या एका घटकाच्या) टोकाविरुद्धची प्रतिपिंडे हृदयपेशींवरील बीटा-१ ॲड्रेनर्जिक ग्राहीलाही (हृदयाची गती वाढवणारा संकेत स्वीकारणाऱ्या प्रथिनालाही) चिकटू शकतात, कारण दोहोंतील आम्लधर्मी अमिनो आम्लांचा एक छोटा क्रम मिळताजुळता आहे. हृदयाची गती मंदावणारा संकेत स्वीकारणाऱ्या एम-२ मस्कॅरिनिक ग्राहीविरुद्धची प्रतिपिंडेही या रुग्णांत आढळतात, पण ती अन्य कारणांनी हृदय विस्फारलेल्यांतही दिसतात, हे विसरून चालणार नाही.

ईसीजी बिघडण्याआधीच ग्राहींना चिकटणारी ही प्रतिपिंडे वाढतात, असे त्याच रुग्णांची वर्षानुवर्षे तपासणी करून दाखवणारा अभ्यास कोणाच्या वाचनात आहे का? की फुटलेल्या पेशींतून प्रथिने बाहेर पडल्यावर, हानीचा परिणाम म्हणून, ती तयार होतात?