ब्रिटिश मोटारी स्वस्त झाल्या म्हणून भोसरी बुडेल काय?

इंद्रायणीकाठ
"ब्रिटनच्या मोटारी स्वस्त झाल्या की भोसरीतील सुटे भाग बनवणाऱ्या शेडना कुलपे लागतील," असे कालच्या लेखात ठोकून दिले आहे, आणि त्यावर इतक्यांनी माना डोलावलेल्या पाहून उत्तर देणे भाग पडले. 24 जुलै 2025 रोजी सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारानुसार मोटारींवरील शंभर टक्क्यांच्या वरचे आयात शुल्क 10 टक्क्यांवर येणार आहे ते ठरावीक कोट्यापुरते, तेही टप्प्याटप्प्याने. टाटांची नेक्सॉन घेणारा माणूस उद्या महागड्या ब्रिटिश रेंज रोव्हरच्या शोरूमची पायरी चढणार आहे काय? 1993 मध्ये मोटारउत्पादनावरील परवाना उठला, परदेशी कंपन्या आल्या, आणि त्यांच्या उरावर टाटांनी 1998 मध्ये इंडिका आणली. स्पर्धा नसती तर ती आली असती, असे मला वाटत नाही.

शेडवाला_भोसरी
आपण गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून बोलत आहात. लँड रोव्हरची जुळणी 2011 पासून पुण्यात सुरू झाली. तयार गाडीच 10 टक्क्यांत उतरणार असेल, तर ती येथे जोडण्याची गरज कितीशी उरेल? पुण्याजवळच्या तळेगावचेही आठवा. जनरल मोटर्सने 2017 मध्ये देशातील विक्री थांबवली आणि पुढे कारखानाही बंद केला. अशा वेळी कामगार निदान मोर्चा तरी काढतो. एकाच मॉडेलच्या भागासाठी कर्ज काढून बनवलेली डाय, म्हणजे साचा, मात्र मुकाट्याने भंगारात जाते.

कुर्लेकर_जुने
संरक्षण मागणाऱ्यांनी कुर्ल्यात बनणारी पद्मिनी मोटार चालवलेली नसावी. वडिलांनी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहिली, आणि पहिल्याच पावसात पायाशी पाणी साचले.

शेडवाला_भोसरी
त्या पाण्याचे खापर कृपया माझ्या लेथवर फोडू नये.

हिशेबनीस
देशी-परदेशी हा वादच मला फसवा वाटतो. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत, असा कायदा 2006 पासून आहे. एप्रिल 2024 पासून आयकराचीही मेख बसली; थकवलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. त्यानंतर आमच्या एका अस्सल देशी गिऱ्हाइकाने काय करावे? "उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर पुढचे शेड्यूल मिळणार नाही," असा निरोप धाडला; म्हणजे लघुउद्योग म्हणून असलेली नोंद काढा, नाहीतर पुढची ऑर्डर नाही. वर दरवर्षीची भावकपात आणि न विचारता काढलेल्या डेबिट नोटा, म्हणजे बिलातून परस्पर केलेली वजावट, आहेतच.

इंद्रायणीकाठ
मग आपले भांडण ब्रिटनशी नसून शेजारच्या खरेदी विभागाशी आहे, हे तरी सिद्ध झाले. अभिनंदन.

शेडवाला_भोसरी
उपरोध पुरे झाला. थकलेल्या बिलांपायी ज्याच्याकडे नव्या यंत्राला पैसा नाही, त्याने स्पर्धा करायची कशाच्या बळावर? जाग्वारला मीही भीत नाही, एवढे आपले म्हणणे घ्या पदरात. विजेच्या गाडीत पिस्टन नाही, सायलेन्सर नाही, आणि तिला चालवणाऱ्या विद्युत मोटरमधील दुर्मिळ धातूंचे चुंबक चीनकडून येते. एप्रिल 2025 मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा आपल्या बड्या कंपन्याही हवालदिल झाल्या. त्या चुंबकाबद्दल कालच्या लेखात एक ओळ नाही, आणि आपल्या उत्तरातही नाही.

कुर्लेकर_जुने
चुंबक नसले तरी पद्मिनी धावत होती, एवढे तिच्या बाजूने नोंदवतो.

हिशेबनीस
धावत होती खरी, पण तिचे सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरांचे पैसे वेळेवर मिळत होते का, तेवढे वडिलांना विचारून सांगा.