मदत हवी आहे: निसर्गाचीच भीती वाटावी अशा जुन्या गूढकथा सुचवा

नमस्कार मंडळी. अल्जरनॉन ब्लॅकवुडची 'द विलोज' (१९०७) वाचली आणि तेव्हापासून त्याच जातीच्या कथा शोधतोय. दोन मित्र छोट्या होडीतून डॅन्यूब नदीने निघालेत, नदीला पूर आलाय आणि मुक्काम पडतो एका वाळूच्या बेटावर. आजूबाजूला नुसती वाळुंजाची झुडपं. पाण्याने बेट झिजत चाललंय. सकाळी उठून बघतात तर एक वल्हं गायब, होडीच्या तळाला चीर, आणि वाळूत नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे! ना कुणाचा खून, ना अतृप्त आत्मा, ना सूड. तिथल्या शक्तींना माणसाशी काही देणंघेणंच नाही. मला तरी खरी भीती वाटते ती याचीच.

त्याचीच 'द वेंडिगो' (१९१०) वाचून झालीय. कॅनडाच्या जंगलातला तो वास तर अफाट लिहिलाय. विल्यम होप हॉजसनची 'द व्हॉइस इन द नाइट'ही वाचली. त्यातली बुरशी डोक्यातून जात नाही.

आता बर्फ, वाळवंट, डोंगर यांच्यावरच्या कथा हव्या आहेत, शक्यतो १९४० च्या आधीच्या. झपाटलेले वाडे नकोत; वारा, पाणी, झाडं हेच मुख्य पात्र असावं. मराठी अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचं नाव जरूर सांगा, मूळ इंग्रजीही चालेल. कथा का आवडली ते दोन ओळीत लिहा, शेवट मात्र फोडू नका प्लीज.