आजीची गोधडी विरतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आजीने हाताने शिवलेली गोधडी माझ्याकडे आहे. आत तिच्याच नऊवारी लुगड्यांचे थर, वर इरकलीचा तुकडा. लाल पदरावरचे टोप तेणीचे (इरकलीच्या पदराची ठरावीक नक्षी) पांढरे टोकदार पट्टे अजून ओळखू येतात. कोपऱ्यात खणाच्या चोळीची बाही आहे. मामाच्या बारशाला आजीने नेसलेल्या लुगड्यावरची, असं आई सांगते. प्रत्येक ठिगळाचं तिला असंच आठवतं, आणि आई आता ऐंशीची आहे.

गोधडी मधोमध विरलीय, धावदोरा सुटतोय. ओल्या फडक्याने पुसली तर लाल रंग फडक्याला लागला, म्हणून धुवायची हिंमत होत नाही. सध्या मलमलीत गुंडाळून ठेवलीय. (प्लास्टिकमध्ये ओल धरते.)

विरलेल्या भागावर बारीक जाळी ठेवून हाताने टाके घातले तर जुनं कापड तग धरेल का, की खालून सुती अस्तर द्यावं? सोलापूर-पुणे भागात गोधड्या दुरुस्त करणाऱ्या कुणी बाई माहीत आहेत का? वरून नवं कापड लावून झाकणारं कुणी नको, आजीचे टाके दिसायला हवेत.

आणि तुमच्यापैकी कुणी ठिगळांच्या आठवणी लिहून ठेवल्या असतील तर कशा ठेवल्या, तेही सांगा.