मदत हवी आहे: आजारपणानंतर चालायची ताकद परत कशी आणू?

माळकरी
वय ४९. मोठं आजारपण झालं. औषधं संपली, डॉक्टर म्हणतात बरे झालात. पण अंगात जोर म्हणून नाही. एक जिना चढला की धाप लागते. सकाळी चालायला जातो तर निम्म्या वाटेत हातपाय थरथरतात. जूनमध्ये माऊलींबरोबर आळंदीहून निघायचंय. गेल्या वर्षीची वारी हुकली, यंदाची हुकवायची नाही. लवकर ताकद येईल असा व्यायाम आणि खाणं सांगा. ‘आराम करा’ सांगू नका, ऐकून कान किटलेत.

दिवेघाट
आजारपण कसलं ते तर लिहा! हृदयाचं वेगळं, काविळीचं वेगळं.

रानवारा
मला डेंग्यू झाला होता. व्हे प्रोटीन सुरू केलं, जिम लावली, महिन्यात उभा राहिलो. डंबेल्स घ्या, नुसतं चालून स्नायू येत नाहीत.

सईची आई
दादा, पावडरींच्या नादी लागू नका. पहाटे कपालभाती आणि भस्त्रिका करा. आमच्याकडे सगळे करतात.

माळकरी
फुफ्फुसाचा टीबी होता. सहा महिन्यांचा कोर्स मागच्या महिन्यात संपला, थुंकी निगेटिव्ह. वजन ६४ वरून ५२ वर आलं होतं, आता ५५. आता तरी सांगा.

फिजिओताई
हे आधी लिहायला हवं होतं. टीबी बरा झाला तरी फुफ्फुसात व्रण राहू शकतात, म्हणून छातीच्या डॉक्टरांकडून स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजतात ती) आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून घ्या. चालताना रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली जातो का, ते कळायलाच हवं. तोवर सपाटीवर, बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, एक दिवसाआड. आठवड्याला एकच गोष्ट वाढवायची, वेळ किंवा चढ. धाप लागली की ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडा. कपालभाती सध्या नको, जोराच्या उच्छ्वासाने अशा छातीवर ताण येतो.
मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर ५५ किलोला दिवसाला साधारण ६५ ग्रॅम प्रथिनं लागतील. एका अंड्यात ६, मूठभर शेंगदाण्यांत ७. पावडरीचा डबा विकत घ्यायची गरज नाही.
पण ती थरथर मला खटकतेय. धापेबरोबर होते की एकटीच? घाम फुटतो का? शुगर आहे का?

सईची आई
प्राणायामाने कुणाचं वाईट झालेलं मी तरी पाहिलं नाही.

फिजिओताई
ताई, अनुलोम-विलोम जरूर करू दे. माझा आक्षेप जोराच्या प्रकारांना आहे.

जुनी वहाण
बुटांबद्दल कुणीच बोललं नाही. वारीत बूट एक नंबर मोठा घ्या, पाय सुजतात. आणि तुकोबांच्या पालखीबरोबर गेलात तर दिवे घाटाचा चढ लागतच नाही.

दिवेघाट
तिकडे रोटी घाट आहे की! शिवाय ज्याची पालखी त्याची पालखी, अशी बदलता येते का?

जुनी वहाण
रोटी घाट दिवे घाटापुढे काहीच नाही. दोन्ही चाललोय.

माळकरी
पालखी बदलणार नाही. थरथर धाप नसतानाही होते, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेह जुना आहे, ग्लिक्लाझाइड चालू. टीबीत शुगर फार वाढली म्हणून डोस दुप्पट केला होता, तोच घेतो. गोळी, बिनसाखरेचा चहा, की निघालो. याचा इथे काय संबंध?

औषधवाला
सगळा संबंध इथेच आहे! टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन यकृताला ग्लिक्लाझाइड भराभर नष्ट करायला लावतं. म्हणून तेव्हा जास्त डोस लागला असणार. रिफाम्पिसिन बंद झालं की दोनेक आठवड्यांत तो परिणाम ओसरतो आणि तोच डोस जड होतो. त्यात तुम्ही उपाशीपोटी चालताय. थरथर सुरू झाली की लगेच ग्लुकोमीटरवर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. आणि आजच डॉक्टरांना फोन करा, गोळी मनाने कमी-जास्त करू नका.

रानवारा
मग डंबेल्स कधीपासून?

माळकरी
आज थरथर होताना मोजली, ५८ निघाली. डॉक्टरांनी डोस निम्मा केला, नाश्त्याबरोबर घ्यायला सांगितलं. औषधवाले, तुमचे उपकार आहेत. सोमवारी छातीची तपासणी. फिजिओताई, सगळं ठीक निघालं तर दिवे घाट जमेल का, ते सरळ सांगा.

फिजिओताई
आत्ताच हो म्हणणार नाही. मे अखेरपर्यंत लागोपाठ दोन दिवस १५-१५ किलोमीटर चालून तिसऱ्या दिवशी उठता आलं, तर विचार करू. पुणे-सासवड टप्पा ३० च्या वर आहे. नाहीतर सासवडला सामील व्हा.

माळकरी
सासवड नाही, आळंदीच. १५ किलोमीटरपर्यंत कसं जायचं ते आठवड्यागणिक लिहून द्या. तपासणीचा रिपोर्ट सोमवारी संध्याकाळी इथे टाकतो.