मदत हवी आहे : सुंता न करता फायमोसिसची शस्त्रक्रिया

विषय नाजूक आहे, म्हणून दुसऱ्या आयडीने लिहितोय.

वय ३१, नाशिक. फायमोसिस, म्हणजे लिंगाची पुढची कातडी घट्ट. एरवी मागे जाते, पण ताठरता आली की रिंगसारखी आवळते. जोर केला तर बारीक चिरा पडतात, मग दोन दिवस चुरचुर. डॉक्टरांनी आधी शुगर तपासली (अशा चिरा मधुमेहातही पडतात म्हणे), ती नॉर्मल. मग बीटामेथासोन ०.०५ टक्के मलम, दिवसातून दोनदा, ६ आठवडे. मलम होतं तोवर बरं, बंद केलं की पुन्हा तेच. आता सर्जन म्हणतात, "सुंता करून टाकू, कटकट मिटेल."

धर्माबिर्माचा प्रश्न नाही. पण आवळतेय ती एवढीशी पट्टी, तेवढ्यासाठी सगळी कातडी काढायची हे पटत नाही. प्रीप्युशिओप्लास्टीबद्दल वाचलं: पट्टीवर उभा छेद घेऊन तो आडवा शिवतात, घेर वाढतो, कातडी राहते. सर्जनना विचारलं, तर "ते परत आवळतं" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

कुणी करून घेतलीये का? खरंच परत आवळतं? डिसेंबरात लग्न आहे. आईला सांगितलंय, हर्नियासारखं काहीतरी.

प्रतिसाद १
मी केली, ३ वर्षं झाली. भूल तेवढ्या जागेपुरती, संध्याकाळी घरी. टाके विरघळणारे. चौथ्या दिवशी ऑफिस, पण बाइक नाही. रात्री झोपेत ताठरता येऊन टाके ताणतात, हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं! संबंध ६ आठवडे बंद. जखम भरली की रोज अंघोळीत कातडी मागे घ्यायची. मी आळस केला, तेव्हा व्रण घट्ट व्हायला लागला होता. दिसायला थोडं ओबडधोबड, बायकोची तक्रार नाही.

प्रतिसाद २
कातडीचं टोक पांढरट, कडक झालंय का? लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा आजार असेल तर तो राहिलेल्या कातडीत परत येतो, तिथे सुंताच बरी. यूरोलॉजिस्टकडून बघून घ्या. आणि जोर करू नका. मागे गेलेली कातडी तिथेच अडकून सूज आली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ता
पांढरं नाही, चिरांपाशी लालसर आहे. शनिवारी दुसऱ्या यूरोलॉजिस्टची वेळ घेतली. लग्नाआधी ६ आठवडे बसतात का, तेही विचारतो.