फॅमिली थेरपीत आपलाच पूर्वग्रह कसा पकडायचा?

सुपरव्हिजनखाली फॅमिली सेशन्स घेतेय (डिटेल्स बदललेत). आठवीतला मुलगा शाळेत जात नाही, घरी आईबाबा आणि आजी. आजी सारख्या मधे बोलायच्या, त्यामुळे दहाच मिनिटांत मी ठरवून मोकळी की यांच्या लाडांनीच सगळं बिघडलंय, पुढचे सगळे प्रश्न मग त्याच अंगाने. सुपरव्हायझरनी रेकॉर्डिंग ऐकून एवढंच विचारलं, आजीला एक तरी प्रश्न विचारलास का? नव्हता विचारला 🙈 सेशन चालू असताना स्वतःला कसं पकडता तुम्ही?

↳ इटलीतल्या मिलानच्या फॅमिली थेरपिस्टच्या टीमचा (पालाझोली, बोस्कोलो, चेकिन, प्राता) १९८० चा पेपर वाच. त्यांचं म्हणणं, हायपोथिसिस (घरात काय चाललंय याचा आपला अंदाज) खरं की खोटं ते सोड, उपयोगी आहे का बघ, नसेल तर दुसरं धर. मी सेशनआधी तीन लिहिते, त्यातलं एक तरी मला अजिबात न पटणारं. शिवाय सर्क्युलर प्रश्न, म्हणजे मुलाला विचारायचं की तू घरी राहिलास की सगळ्यात जास्त काळजी कोणाला वाटते, सगळ्यात कमी कोणाला? उत्तर ऐकताना इतरांचे चेहरे बघ. चेकिननी १९८७ मध्ये न्यूट्रॅलिटीलाच (कोणाचीच बाजू न घेणं) कुतूहल म्हटलं. माझा अनुभव असा की कुतूहल संपलं की समजावं आपण कोणाची तरी बाजू घेतलीये.

↳ आधी तुझ्या स्वतःच्या घरचा जीनोग्राम (नात्यांचा नकाशा) काढ, तीन पिढ्यांचा. मला सासू-सुनेच्या केसमध्ये कायम सासूचा राग यायचा, कागदावर काढल्यावर कळलं की ती माझी आजी आणि आई होती. फॅमिली थेरपीच्या सुरुवातीच्या लोकांपैकी मरे बोवेननी १९६७ मध्ये स्वतःच्याच कुटुंबावर केलेलं काम कॉन्फरन्समध्ये मांडलं होतं, मग आपण काय लाजायचं.

↳ मी थेरपिस्ट नाही, थेरपीला गेलोय फक्त. आम्ही एकत्र कुटुंबात राहतो म्हटल्यावर थेरपिस्ट ताईंनी लगेच 'बाउंडरीज'चं सुरू केलं. आमचं भांडण पैशाचं होतं हो! दोन सेशननंतर गेलोच नाही. थेट विचारा ना, आम्ही सांगतो.

↳ (प्रश्नकर्ती) थँक्यू सगळ्यांना, विशेषतः शेवटच्या दादांना. काल थेट आजींनाच विचारलं की तो शाळेत का जात नसेल. त्या म्हणाल्या, "मी बाथरूममध्ये पडले तेव्हा घरात तो एकटाच होता, तेव्हापासून मला सोडून जात नाही." आईबाबांना पडल्याचं माहीतच नव्हतं.